कॉन्टेसाचा मागचा डिफरन्शियल: क्राऊन-पिनियनचं काम मापून करायचंय, मदत हवी

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. गाडी कॉन्टेसा क्लासिक, पेट्रोल, इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन, पाच गिअर. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ पासून २००२ पर्यंत ही गाडी काढली. आराखडा व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, पण सुरुवातीला बसवलेलं १.५ लिटरचं इंजिन अँबेसेडरचंच होतं. इसुझू आलं आणि गाडीला खरी ओढ आली, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. माझी गाडी बऱ्याच हातांतून फिरलेली आहे. मागचा एक्सल माझ्याकडे येण्याआधीच बदललेला आहे, मागून झाकण असलेला. त्याच्या पोटात डिफरन्शियल: गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट पिनियन हा छोटा गिअर फिरवतो आणि पिनियन क्राऊन हा मोठा गिअर, तिथून फिरणं चाकांकडे जातं. ज्यांच्याकडे मूळ एक्सल आहे त्यांना आत वेगळी रचना सापडेल, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

तक्रार अशी. साठच्या पुढे गेलं की मागून एक सूर लागतो आणि पंच्याहत्तर-ऐंशीला तो कान भरून टाकतो. ॲक्सिलरेटरवर पाय असला की आवाज मोठा, पाय काढला की सूर बदलतो, न्यूट्रल करून घरंगळत सोडली की जवळजवळ बंद. पहिल्यात क्लच सोडताना खालून ‘टक्’ होतं. पुढचे टायर मागे टाकून पाहिले, काही फरक नाही. डांबरावर आणि सिमेंटच्या रस्त्यावर आवाज तोच.

एका गॅरेजवाल्याने नव्वद नंबरचं ऑइल काढून एकशेचाळीस नंबर भरलं. थोडे दिवस आवाज दबला, मग जसाच्या तसा. आता पिनियनच्या तोंडाशी ओल दिसते आणि उजव्या मागच्या ड्रमातही ऑइल उतरलंय.

विचारायचं हे की भंगारातून दुसरा आख्खा एक्सल आणून चढवावा, की हाच उघडून नीट करावा? आणि मराठवाड्यात हे काम अंदाजाने न करता मापून करणारं कुणी आहे का?

हौसिंगवाला (नांदेड)

दादा, मी ट्रकच्या हौसिंगचं (डिफरन्शियल बसतंय त्या कवचाचं) काम करतो. ऊस हंगामात माझ्याकडं दुसरं कामच नसतंय, रोज एक तरी क्राऊन-पिनियन उघडलेलं असतंय. तुम्ही लिहिलंय ते नीट लिहिलंय, त्याच्यावरूनच अर्धं कळायलंय.

पाय दिल्यावर आवाज वाढतोय आणि काढल्यावर सूर बदलतोय, म्हणजे दोष दातावर नाहीतर पिनियनच्या बेअरिंगात. चाकाचं बेअरिंग असतं तर वळणावर आवाज कमी-जास्त झाला असता, गिअरात हाय का न्यूट्रलमध्ये, ह्याचा त्याला फरक पडत नाही. हौसिंगमधले बाजूचे कप-कोन, म्हणजे रोलर बेअरिंगची बाहेरची आणि आतली कडी, गेले तर आवाज जाड असतोय, घरघर. पिनियन चाकापेक्षा चौपट जोरात फिरतंय, म्हणून त्याचा आवाज बारीक आणि लांब. तुमचा सूर पिनियनकडंच बोट दाखवायलाय.

‘टक्’चं मात्र एकट्या क्राऊनवर ढकलू नका. प्रॉपेलरचे क्रॉस (टोकाचे सांधे), शाफ्टच्या चुड्या (टोकाच्या खाचा), आतले स्टार गिअर (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे छोटे गिअर) आणि त्यांचे वॉशर, सगळ्यांची ढिलाई मिळून तो आवाज होतोय. आधी क्रॉस हलवून बघा.

जाड ऑइल भरणं म्हणजे दुखणं झाकणं. तेवढ्या दिवसांत बेअरिंग आणखी खराब होतंय.

वाळूज काका (छत्रपती संभाजीनगर)

हौसिंगवाले भाऊंशी सहमत. मी टूलरूममध्ये आयुष्य घालवलं, गिअर मोजणं हेच काम होतं. झाकण उघडण्याआधी तीन गोष्टी बघून इथे लिहा.

एक, ब्रीदर. एक्सलच्या नळीवर छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. ऑइल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. आपल्याकडे पावसाळ्यात शेतरस्त्याला गाडी एकदा जरी घातली तरी काळ्या मातीचा चिखल तिथे बसतो आणि वाळून दगड होतो. हवा कोंडली की ती सीलमधून वाट काढते. पिनियन सील आणि ड्रमचं सील दोन्ही एकदम गळतायत म्हणून मला आधी ब्रीदरचाच संशय आहे.

दोन, प्रॉपेलर सोडून पिनियनचा फ्लेंज (प्रॉपेलर जिथे जोडतो ती चकती) हाताने वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. कप-कोनवर योग्य दाब असेल तर तो तसूभरही हलत नाही. हातात जाणवेल इतका हलला तर पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर मुद्दाम दिलेला दाब) संपलाय, मग पुढचा सगळा विचार तिथून सुरू करायचा.

तीन, ऑइल स्वच्छ ताटात काढा. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी बारीक पूड असेल तर काळजी नाही, ती प्रत्येक एक्सलमध्ये असते. बोटाला टोचणारा कण, चकाकणारी पापडी किंवा दाताचा तुकडा दिसला तर गाडी चालवणं तिथेच थांबवा.

कन्नडघाट

दादा एक सुचवतो. उघडणारच आहात तर आतले स्टार गिअर वेल्ड करून टाका. दोन्ही चाकं एकसाथ फिरतील, गाडी आडवी मस्त जाते. परफॉर्मन्स गाडी आहे, नुसतं शांत करून काय उपयोग?

वाळूज काका

बाळा, तुला गाडीची ओढ आहे हे चांगलं आहे, पण हा सल्ला रस्त्यावरच्या गाडीला घातक आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. तो फरक सोसायलाच डिफरन्शियल असतो. वेल्ड केलं की तो फरक टायर घासून आणि एक्सल शाफ्ट पिळून भरून काढावा लागतो. कोरड्या डांबरावर रोज ते पिळणं चालतं आणि एक दिवस शाफ्ट फ्लेंजजवळ तुटतो. पावसात पुढची चाकं वळली तरी गाडी सरळ जायला बघते. त्यात वेल्डच्या उष्णतेने गिअरच्या पृष्ठभागाची कडकी जाते, तुकडा सुटला तर तो थेट क्राऊनच्या दातात जातो.

खरंच पकड हवी असेल तर लिमिटेड स्लिप हा मार्ग. त्यात क्लचच्या चकत्या असतात, त्या एका मर्यादेपर्यंत दोन्ही चाकं बांधून ठेवतात आणि वळणावर घसरू देतात. त्याला ऑइलही वेगळं, घर्षण कमी करणारं मिश्रण घातलेलं लागतं. पण तो भाग या एक्सलला बसणारा मिळायला हवा. आधी आहे ते सरळ करू.

परतूर रोड (जालना)

ट्रॅक्टरवाल्यांकडून ऑइल घेऊन भरू नका, एवढं सांगायला आलो. आमच्याकडे ट्रॅक्टरला गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक सगळ्यांना एकच ऑइल चालतं, कारण ब्रेकच्या चकत्याही त्यातच बुडालेल्या असतात. गावात कुणाकडे डबा उघडा असतो आणि लोक कारच्या हौसिंगलाही तेच ओततात.

कारचा पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, त्याला हायपॉइड म्हणतात. त्यामुळे गाडीची फरशी खाली घेता येते आणि दात मोठे मिळतात, पण दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतातही. त्या घासण्याला जीएल-५ दर्जाचंच ऑइल लागतं. जीएल-४ने दातावर ओरखडे उठतात. आणि उलट चूकही करू नका. जीएल-५ सरसकट गिअरबॉक्समध्ये भरू नका, जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) त्यातली काही रसायनं त्रास देतात.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. काका, ब्रीदर अगदी तुम्ही म्हणालात तसाच निघाला. टोपीखाली माती एवढी घट्ट होती की खिळ्याने फोडून काढावी लागली. फ्लेंज हाताला हलतो, अगदी स्पष्ट. चुंबकावर पुडीसोबत दोन-तीन पापड्या आहेत, नखाच्या टोकाएवढ्या. क्रॉस मात्र चांगले आहेत.

भंगारातल्या एक्सलचं काय? पुण्यातल्या एकाकडे आहे म्हणतो.

हौसिंगवाला

घेऊ नका असं म्हणत नाही, पण झाकण काढल्याशिवाय पैसे देऊ नका. उघड्यावर पडलेल्या एक्सलमध्ये पाणी उतरलेलं असतंय. कप-कोनवर गंजाची एक रेघ आली तरी तो आवाज देणार. म्हणजे तुम्ही तुमचा आवाज विकून दुसऱ्याचा विकत घ्यायलात. बेअरिंग तर त्यातही बदलावंच लागणार, मग हाच का नको?

वाळूज काका

आता उघडा. उघडताना घाई नको, कारण जुनी मांडणी हेच तुमचं पहिलं मोजमाप आहे.

चाकं, ड्रम काढून दोन्ही एक्सल शाफ्ट बाहेर घ्या. मागचं झाकण काढल्यावर काही सोडण्याआधी क्राऊनच्या दाताला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावा, सुई दाताच्या बाहेरच्या टोकाजवळ, दाताला काटकोनात. पिनियन घट्ट धरून क्राऊन पुढे-मागे हलवा. दातांमधला हा मोकळा खेळ म्हणजे बॅकलॅश. चार ठिकाणी आकडा लिहा. चारही आकडे साधारण सारखे हवेत. एका जागी कमी आणि समोरच्या जागी जास्त असेल तर क्राऊन वाकडा बसलाय किंवा खालच्या तोंडावर घाण आहे. मग मार्किंग (दातावर लावायचा रंग) लावून दात कुठे टेकतात ती जुनी खूण बघा, फोटो काढा.

बेअरिंगच्या टोप्यांवर सोडण्याआधी पंचाने खूण करा, डावीला एक ठिपका, उजवीला दोन. त्या हौसिंगसोबत एकत्र बोअर केलेल्या असतात. अदलाबदल किंवा उलटापालट झाली की बेअरिंगचं घर गोल राहत नाही. बाजूच्या शिमही (जागा भरणाऱ्या पातळ चकत्या) डाव्या-उजव्या वेगळ्या पिशवीत ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. क्राऊनच्या कडेवर आणि पिनियनच्या तोंडावर कोरलेले आकडे वाचून इथे टाका.

मांजराकाठ

उघडलं. बॅकलॅश ०.३४, ०.३७, ०.३५, ०.३२ मिमी. खूण दाताच्या माथ्याकडे आणि बाहेरच्या बाजूला सरकलेली. पिनियनच्या मागच्या कोनचे रोलर हाताळले तर खडबडीत, कपमध्ये खड्डे. पापड्या तिथल्याच.

पण खरी गोष्ट पुढे आहे. क्राऊनच्या कडेवर जो जोडीचा आकडा आहे तो पिनियनवर नाही. पिनियनवर दुसराच आकडा. दातांची संख्या बरोबर आहे, म्हणून बसलंय, पण ही जोडी एकमेकांची नाही.

वाळूज काका

मग आवाज का येतोय हे आता पूर्ण कळलं. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात आणि त्यानंतर दोघांवर एकच आकडा कोरतात. त्या घासण्यात प्रत्येक दाताला समोरच्या दाताची ओळख होते. एका जोडीचा क्राऊन आणि दुसऱ्या जोडीचा पिनियन दिसायला सारखे असले तरी दाताचा स्पर्श जिथे हवा तिथे येत नाही. कितीही शिम बदलल्या तरी आवाज राहतो. कुणीतरी पिनियन मोडल्यावर फक्त पिनियन बदललाय.

आता जोडीच घ्यावी लागेल. सुटा भाग, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नका.

बीड बायपास

हे बऱ्याच गाड्यांत सापडतं. माझ्या मेव्हण्याच्या जुन्या जीपमध्ये अगदी हेच. दोन मेकॅनिकांनी बेअरिंग बदलून पैसे घेतले, आकडे कुणीच पाहिले नाहीत.

मांजराकाठ

कोलकात्याच्या मल्लिक बाजारात जुन्या स्टॉकची सीलबंद जोडी मिळाली, दोन्हींवर एकच आकडा. ट्रान्सपोर्टने मागवली. बेअरिंगचे चारही संच, सील, पिनियनचा स्पेसर (त्याच्या दोन बेअरिंगांमधली नळी), नट आणि क्राऊनचे बोल्ट नवीन घेतले. लातूर एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड आणि मायक्रोमीटर वापरायला दिलं, त्याचं मन मोठं. आता काका, क्रम सांगा.

वाळूज काका

सांगतो. यात आधीचं नंतर केलं की सगळं परत उतरवावं लागतं, म्हणून सविस्तर.

सुरुवात पिनियन किती आत बसतो तिथून. पिनियनच्या डोक्याजवळच्या बेअरिंगसोबत एक शिम असते. ती जाड केली की पिनियन क्राऊनच्या मध्याकडे सरकतो, पातळ केली की दूर जातो. नव्या पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे असा एक छोटा आकडा असेल. ठरलेल्या मापापासून तो पिनियन किती सरकवायचा हे तो सांगतो. चिन्हाचा अर्थ आणि एकक, म्हणजे थाऊ (इंचाचा हजारावा भाग) की मिलिमीटरचा शंभरावा भाग, हे त्या एक्सलच्या पुस्तकातून पक्कं करून घ्या. थाऊला मिलिमीटरचा शंभरावा भाग समजलात तर मांडणी पार चुकेल. त्या हिशेबाने जी शिम येते ती फक्त सुरुवात, शेवटचा निर्णय दातावरची खूण देते.

बेअरिंग सारखं दाबून बसवायचं आणि पुलरने ओढायचं यात नवं बेअरिंग मरतं. म्हणून जुन्या कोनचं आतलं भोक लेथवाल्याकडून अगदी थोडं मोठं करून घ्या, हाताने सरकेल इतकंच. हा चाचणीचा कोन. शिम बदलून बदलून पाहायला तो वापरा, नवा कोन शेवटीच चढवा. फक्त नव्या आणि जुन्या कोनची उंची मायक्रोमीटरने ताडून घ्या, फरक असेल तर शिममध्ये धरा.

मग क्राऊनची केज (क्राऊन आणि स्टार गिअर धरणारा डबा) बाजूच्या शिमांसह आत ठेवा. बॅकलॅश ०.१३ ते ०.१८ मिमीच्या आसपास आणा, तुमच्या एक्सलचा नेमका आकडा पुस्तकात असेल तर तोच धरा. एका बाजूची शिम काढून दुसऱ्या बाजूला घातली की क्राऊन सरकतो. अंदाजासाठी: क्राऊन ०.१० सरकवला की बॅकलॅश साधारण ०.०७ ने बदलतो. एकूण जाडी कायम ठेवायची, नाहीतर बाजूच्या बेअरिंगचा दाब बदलेल. तो दाब बरोबर असेल तर केज हाताने आत पडत नाही, रबरी हातोडीने ठोकूनच बसते.

खूण घेताना क्राऊनला लाकडी दांड्याने थोडा अडवून पिनियन फिरवा. मोकळं फिरवून घेतलेली खूण खोटी असते, दातावर भार आल्यावर स्पर्श सरकतो.

परतूर रोड

काका, मार्किंगला काय वापरायचं? निळं मिळत नाही इथे.

हौसिंगवाला

शेंदूर. आमचे वस्ताद तेलात शेंदूर कालवूनच खूण घ्यायचे. थेंबभर तेल, घट्ट लेप, दातावर पातळ हात. जाड लावला की सगळीकडं पसरतोय आणि काहीच कळत नाही. पण तो शिशाचा असतोय, काम झालं की हात साबणानं धुवा, त्या हातानं तंबाखू मळू नका, लेकरांपासून डबा दूर ठेवा.

वाळूज काका

बरोबर. आता खूण वाचायची कशी. गाडी पुढे ओढताना क्राऊनच्या दाताची जी फुगीर बाजू काम करते, तिच्यावर आधी लक्ष. स्पर्श दाताच्या मध्यावर हवा, लांबीत आतल्या अरुंद टोकाकडे जरासा झुकलेला चालतो, कारण भार आला की तो बाहेर पसरतो.

स्पर्श दाताच्या माथ्यावर असेल तर पिनियन फार दूर आहे, शिम वाढवा. मुळाशी असेल तर पिनियन फार आत, शिम कमी करा. उंची ठीक पण स्पर्श आतल्या टोकाला गोळा झालाय, तर क्राऊन पिनियनपासून थोडा दूर घ्या. बाहेरच्या रुंद टोकाला असेल तर जवळ आणा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पिनियन बदलला की बॅकलॅश पुन्हा मोजायचा, प्रत्येक वेळी.

मांजराकाठ

पहिली खूण माथ्याच्या बाजूला आली, बॅकलॅश ०.१५. पिनियनची शिम ०.१० ने वाढवली. स्पर्श खाली मध्यावर उतरला, बॅकलॅश ०.१२ झाला. मग बाजूची ०.०४ ची शिम इकडची तिकडे केली, पुन्हा ०.१५. चार ठिकाणी फरक ०.०३ च्या आत. पोकळ बाजूची खूणही मध्यावर आहे. लाल लेपातून दाताचा चकचकीत पट्टा असा नीट उमटलेला पहिल्यांदाच पाहिला, फोटो टाकतोय.

वाळूज काका

फोटो पाहिला. फार सुंदर खूण. याला आता हात लावू नका.

आता नवा कोन चढवायचा. तेलात ठेवून १०० ते ११० अंशापर्यंत तापवा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, जाळीवर ठेवा. १२० च्या वर नको, पोलादाची कडकी जाऊ लागते. गॅसची ज्योत थेट तर अजिबात नको. तापलेला कोन आपोआप सरकतो, शेवटपर्यंत टेकला याची खात्री थंड झाल्यावर फिलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) करा.

मग पिनियनचा प्रीलोड. स्पेसर दोन प्रकारचे असतात. एक दबणारा: नट आवळत जाईल तसा तो चेपतो आणि बेअरिंगवर दाब येतो. यात मर्यादेपुढे गेलात तर नट ढिला करून भागत नाही, नवा स्पेसर घालावा लागतो. म्हणून एअर गन लांब ठेवा. दुसरा घट्ट: त्यात शिमने दाब ठरतो आणि नट पुस्तकातल्या टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) आवळायचा. दोन्हीत शेवटी मोजायचं एकच: पिनियन फिरवायला किती जोर लागतो. हे सील घालण्याआधी आणि केज बाहेर असताना करा.

हौसिंगवाला

त्याला महाग टॉर्क मीटर लागत नाही. फ्लेंजला दोरा गुंडाळा, टोकाला ताणकाटा लावा आणि सावकाश ओढा. सुटायच्या क्षणी जास्त दाखवतोय, तो आकडा धरू नका, फिरत असताना जो दाखवतोय तो धरा. नव्या बेअरिंगला २ ते ३ न्यूटन मीटर धरतात बहुतेक कारला, जुन्याला निम्मा. दोरा मध्यापासून ५ सेंटीमीटरवर असेल तर २ न्यूटन मीटरला काटा साधारण ४ किलो दाखवंल. दर वेळी नट जरासा आवळा, दहा-बारा फेरे फिरवा म्हणजे रोलर बसतात, मग ओढून बघा.

मांजराकाठ

काटा साडेचार किलोवर थांबवला, दोरा ५ सेंटीमीटरवर. म्हणजे २.२ न्यूटन मीटरच्या जवळपास. नटाची कड खाचेत ठोकली. क्राऊनचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, त्याआधी क्राऊनचं आणि केजचं तोंड पेट्रोलने पुसलं. स्टार गिअरचे वॉशरही बदलले, ते पत्र्यासारखे झिजले होते, ‘टक्’चा मोठा वाटा तिथलाच असावा. केज बसवल्यावर बॅकलॅश परत मोजला, ०.१५ कायम.

ब्रीदरला लांब नळी जोडून वर फरशीखाली नेऊन बांधली, तोंड खाली वळवलं. ऑइल जीएल-५ चं ८०डब्ल्यू-९०. गाडी सपाट जागेवर ठेवून भरणीच्या भोकातून ओघळेपर्यंत.

वाळूज काका

आता लगेच पळवू नका. नव्या जोडीचे दात पहिल्या तासांत फार तापतात. वीस-पंचवीस किलोमीटर हलक्या पायाने चालवा, मग अर्धा-पाऊण तास पूर्ण थंड होऊ द्या. असं काही वेळा करा. पहिले ८०० किलोमीटर पूर्ण भार, ओढणी, लांब घाट नकोत. त्यानंतर ऑइल बदला, त्यात सुरुवातीची पूड निघून जाते.

थर्मामीटर गन असेल तर थांबल्या थांबल्या पिनियनच्या नाकावर आणि मागच्या झाकणावर मारून बघा. नाक झाकणापेक्षा फारच जास्त तापत असेल तर प्रीलोड जास्त झालाय. उन्हाळ्यात नुसत्या हाताने अंदाज घेऊ नका, मे महिन्यात आपल्याकडे उभ्या गाडीचं लोखंडही हात ठेवू देत नाही.

कन्नडघाट

काका, वेल्डिंगचं समजलं, आभार. आता एक वेगळा प्रश्न. कॉन्टेसात मोठं इंजिन टाकलं तर हाच एक्सल चालेल का? आणि रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रॉपेलरचे किती फेरे, तो कसा मोजायचा? मी चाक एक फेरा फिरवून प्रॉपेलरचे फेरे मोजले तर दोनच्या आसपास आले.

हौसिंगवाला

एक चाक जमिनीवर होतं ना? एक चाक धरलेलं असलं की दुसऱ्याच्या एका फेऱ्यात केज अर्धाच फेरा फिरतंय. म्हणून तुला निम्मा आला. चाक दोन फेरे फिरव आणि मग मोज, नाहीतर दोन्ही चाकं उचलून एकसाथ फिरव. दोनच्या आसपास आलं म्हणजे खरा रेशो चारच्या आसपास. नक्की हवं असंल तर झाकण काढ आणि दात मोज. ४१ आणि १० असतील तर ४.१.

वाळूज काका

मोठ्या इंजिनाबद्दल. एक्सलवर येतो तो टॉर्क, अश्वशक्ती नव्हे. इंजिनाचा टॉर्क गुणिले पहिल्या गिअरचा रेशो गुणिले क्राऊनचा रेशो, एवढा जोर क्राऊनवर येतो. डिझेलची अश्वशक्ती कमी दिसली तरी टॉर्क जास्त असतो, म्हणून डिझेल टाकलेल्या जुन्या गाड्यांचे पिनियन लवकर जातात. ताकद वाढवून रेशोही वाढवला तर क्राऊनवरचा भार दुप्पटीकडे जायला वेळ लागत नाही. जास्त टॉर्कच्या इंजिनाला रेशो कमी ठेवला तर हायवेवर इंजिनही शांत फिरतं. पण रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो, त्याचा गिअर बदलावा लागतो.

मांजराकाठ

औशापर्यंत जाऊन थंड करणं झालं, मग तुळजापूर. सूर गेला. साठ ते ऐंशीमध्ये आता फक्त टायर आणि वारा ऐकू येतो. पाय काढला तरी आवाजात बदल नाही. ‘टक्’ अगदी हलका राहिलाय, तेवढा चालेल असं वाटतं. नाक आणि झाकण यांच्या तापमानात फार अंतर नाही. दोन्ही सील कोरडी.

काका, भाऊ, तुम्ही दोघांनी जे सांगितलं ते मला कोणत्याही गॅरेजात मिळालं नसतं. लातूर, धाराशिव, बीड भागात कुणाला हे काम करायचं असेल तर चाचणीचे कोन माझ्याकडे आहेत, बेअरिंगचा नंबर जुळला तर घेऊन जा. ताणकाटाही देतो.

बीड बायपास

दादा, उजव्या ड्रमात ऑइल गेलं होतं ना? ब्रेकशू धुऊन वापरले की बदलले? माझ्याही गाडीत तेच झालंय, गॅरेजवाला पेट्रोलने धुऊन देतो म्हणतोय.

मांजराकाठ

बदलले, आणि दोन्ही बाजूंचे. लायनिंग ऑइल पिऊन घेतं, धुतल्यावर कोरडं दिसतं पण ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. एकच बाजू बदलली तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. ड्रम मात्र धुऊन चालतो, आतून बोट फिरवून खोबण नाही ना बघा. आणि नवीन सील बसवण्याआधी शाफ्टवर जिथे सीलची कड घासते तिथे नख फिरवून पाहा. नख अडकलं तर नवं सीलही गळणार, तो भाग लेथवर बारीक पॉलिश करून घ्या.